रॅम घेण्याआधी कॅबिनेट उघडा: डीडीआर४वर भागवायचं की डीडीआर५कडे जायचं?

माझा मावसभाऊ पिंपळगाव बसवंतला राहतो. लग्नांचे व्हिडिओ शूट करतो आणि एडिटिंगही स्वतःच करतो. २०२५च्या लग्नसराईत त्याचा पीसी इतका अडखळायला लागला की एका रात्री वैतागून त्याने ऑनलाइन १६ जीबीची डीडीआर५ रॅमची स्टिक मागवली. डीडीआर५ ही रॅमची नवी पिढी, डीडीआर४ तिच्या आधीची. नवीन आहे म्हणजे फास्ट असणार, एवढाच हिशोब. पार्सल आलं, कॅबिनेट उघडलं आणि मला फोन, ‘‘दादा, बसतच नाहीये रे. अजून दाबू का?’’

‘‘हात काढ आधी,’’ मी म्हटलं.

त्याच्याकडे दहाव्या पिढीचा इंटेल आय५ प्रोसेसर होता. त्याच्या मदरबोर्डावर (पुढे नुसतं बोर्ड म्हणतो) डीडीआर५ या जन्मात बसणार नव्हती. पाकीट फोडलेलं असल्यामुळे विकणारा परत घेईना. ती स्टिक टेबलाच्या खणात गेली. तिचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

मी नाशिकच्या सिडकोत राहतो. नोकरी वेगळीच आहे, पण नातेवाईक, सोसायटीतली मुलं आणि मित्रांची ऑफिसं मिळून बरेच पीसी हाताखालून जातात. ‘डीडीआर५ घेऊ का?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, ‘बोर्ड कोणता आहे?’ कारण रॅमची पिढी आपण सुटी निवडूच शकत नाही. आपण बोर्ड घेतो आणि रॅमची पिढी त्याच्यासोबत पदरात पडते. पहिल्यांदाच पीसी अपग्रेड करणाऱ्याने कोणत्या क्रमाने जावं, ते खाली लिहितोय.

पहिली पायरी: दुखणं रॅमचंच आहे का?

रोजचं काम चालू ठेवा. ब्राउझर, टॅली, एडिटिंगचं सॉफ्टवेअर, जे काही एरवी उघडं असतं ते सगळं. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी. ‘इन यूज’समोरचा आकडा तुमच्या एकूण रॅमच्या जवळ पोचला असेल आणि ‘कमिटेड’चा पहिला आकडा एकूण रॅमच्याही पुढे गेला असेल, तर रॅम अपुरी आहे. उरलेला माल विंडोज डिस्कवर ठेवतंय आणि परत आणतंय. ही टंचाई जीबीची झाली. पिढीचा तिच्याशी संबंध नाही. ८ जीबी डीडीआर५ असलेला नवाकोरा पीसीही तेवढ्याच कामाला तसाच गुदमरेल.

तिथेच डाव्या बाजूला डिस्कचा आलेख बघा. पीसीत अजून जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल आणि तो आलेख १०० टक्क्यांना चिकटलेला असेल, तर रॅमचा विषय बाजूला ठेवा आणि आधी एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) घाला. अकाउंटिंगच्या ऑफिसांतले निम्मे ‘स्लो पीसी’ एसएसडीनेच सुधारतात असा माझा अनुभव आहे.

मेमरीच्याच पानावर खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ असं दिसतं. तिथे ‘२ पैकी १’ असेल तर तुमचं नशीब चांगलं. एकच स्टिक असली की प्रोसेसर रॅमशी एकाच चॅनलने बोलतो. तशीच दुसरी स्टिक बसवली की चॅनल दोन होतात आणि बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला वाहून नेता येणारा माल, दुप्पट. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीत हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. मावसभावाचंही हेच होतं: ८ जीबीची एकच स्टिक, शेजारचा स्लॉट रिकामा, धूळ खात.

दुसरी पायरी: बोर्ड आणि प्रोसेसर ओळखा

स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा. ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’समोर बोर्डाचं मॉडेल आणि ‘प्रोसेसर’समोर प्रोसेसरचं नाव असतं. दोन्हींचा फोटो काढून ठेवा. दुकानात फार कामाला येतो.

आता कोणावर काय चालतं ते बघू. एएमडी या कंपनीच्या प्रोसेसरांचा हिशोब सरळ आहे. एएम४ सॉकेटवरचे (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा) रायझन, म्हणजे डेस्कटॉपचे १००० पासून ५००० पर्यंतचे, फक्त डीडीआर४ घेतात. सप्टेंबर २०२२मध्ये रायझन ७००० बरोबर एएम५ सॉकेट आलं. तिथून पुढे फक्त डीडीआर५. त्यात ८००० आणि ९००० ही मालिकाही आली.

इंटेलचं थोडं गुंतागुंतीचं आहे. दहावी आणि अकरावी पिढी डीडीआर४ची. नोव्हेंबर २०२१मध्ये बाजारात आलेली बारावी पिढी आणि त्यानंतरच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर दोन्ही प्रकारची रॅम चालवू शकतात, पण बोर्ड सहसा एकाच प्रकारचा असतो. डीडीआर४च्या बोर्डाच्या नावाच्या शेवटी बहुतेक वेळा ‘डी४’ किंवा ‘डीडीआर४’ लिहिलेलं सापडतं. तसं काही नसेल तर अंदाज करू नका, कंपनीच्या साइटवर मॉडेल टाकून बघा. ऑक्टोबर २०२४पासूनच्या डेस्कटॉप कोअर अल्ट्रा २०० मालिकेला फक्त डीडीआर५ चालते.

आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल किंवा पहिल्या पिढीचा रायझन असेल तर मात्र रॅमवर पैसे घालण्याआधी थांबा. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि या जुन्या प्रोसेसरांना विंडोज ११ची अधिकृत मान्यता नाही. ओळखीतून मिळालेली एखादी स्टिक बसवा हवं तर, पण नवीन घेऊ नका.

डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्हींना २८८ पिना असतात. त्यामुळे हातात घेतल्यावर सारख्याच वाटतात. मधली खाच मात्र जरा सरकवलेली आहे, आणि ती मुद्दामच. डीडीआर४ १.२ व्होल्टवर चालते, डीडीआर५ १.१वर. शिवाय डीडीआर५मध्ये वीज नियंत्रित करणारी चिप खुद्द स्टिकवरच असते. डीडीआर४मध्ये ते काम बोर्ड करतो. म्हणजे मावसभावाने ती जोर लावून बसवली असती तरी चालली नसती, आणि वर स्लॉट तुटला असता.

लॅपटॉपवाल्यांनी आणखी एक बघायचं. डीडीआर४च्या छोट्या स्टिकला २६० पिना असतात आणि डीडीआर५च्या छोट्या स्टिकला २६२. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत तर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे वाढवायला काही वावच नसतो.

तिसरी पायरी: डब्यावरचे आकडे वाचायला शिका

दुकानदार ‘६०००ची आहे साहेब, तुमच्या ३२००च्या डबल’ असं म्हणतो. ते अर्धंच खरं आहे.

तो आकडा म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष वेळा माल उचलला जातो त्याचा. त्याला ८ने गुणलं की एका चॅनलची बँडविड्थ निघते. ३२००ची डीडीआर४ सेकंदाला २५.६ जीबी, ६०००ची डीडीआर५ ४८ जीबी. इथवर दुकानदार बरोबर.

पण प्रोसेसरने काही मागितल्यावर पहिला घास तोंडात पडेपर्यंत किती वेळ जातो, ते वेगळं. त्यासाठी डब्यावर ‘सीएल’ पुढचा आकडा बघायचा. सीएलला २०००ने गुणा आणि रॅमच्या वेगाने भागा. उत्तर नॅनोसेकंदांत येतं. ३२०० सीएल१६ची डीडीआर४ घ्या: १० नॅनोसेकंद. ६००० सीएल३०ची डीडीआर५: तीही १०च. आणि ४८०० सीएल४०ची स्वस्तातली डीडीआर५? जवळपास १६.७. म्हणजे वाट पाहण्याच्या बाबतीत ही नवी स्टिक चांगल्या जुन्या स्टिकच्या मागेच. डीडीआर५ बाजारात आली तेव्हा बऱ्याच जणांनी नाक मुरडलं, त्यामागे हेच होतं. सुरुवातीच्या स्टिक महागही होत्या आणि संथही.

न्यायाने सांगायचं तर प्रत्यक्षात चित्र इतकं वाईट नाही. डीडीआर५ची स्टिक आतून ३२-३२ बिटांच्या दोन स्वतंत्र उपचॅनलांत विभागलेली असते, त्यामुळे एकाच वेळी आलेल्या जास्त मागण्या ती सांभाळते. खूप कोअर असलेल्या प्रोसेसरला याचा उपयोग होतो.

मग फरक कुणाला पडतो? ४के व्हिडिओ, मोठ्या फाइली कॉम्प्रेस करणं, प्रोग्रामिंगमधली मोठी बिल्ड, ग्राफिक्स कार्डाशिवाय खेळले जाणारे गेम, या कामांत डीडीआर५ चांगला हात देते. टॅली, एक्सेल, जीएसटीची रिटर्न, ब्राउझर, मुलांचे प्रोजेक्ट यांत घड्याळ लावून बसलात तरी फरक सापडायचा नाही. अंबडला एका मित्राचं डिझाइनचं छोटं ऑफिस आहे. मशीनच्या मोठ्या असेंब्ली उघडताना त्याचा पीसी गोठायचा आणि तो नवा पीसी घ्यायला निघाला होता. टास्क मॅनेजर बघितलं तर १६ जीबी काठोकाठ भरलेली. डीडीआर४च ३२ जीबी केली, गोठणं थांबलं. नव्या पीसीचे पैसे त्याने प्लॉटरवर घातले.

एक फसवा शब्द लक्षात ठेवा: ‘ईसीसी’. डीडीआर५च्या प्रत्येक चिपमध्ये आतल्या आत चुका दुरुस्त करायची सोय असते. काही विक्रेते त्यालाच ‘सर्व्हरसारखी ईसीसी’ म्हणून खपवतात. खऱ्या ईसीसी स्टिकवर जास्तीच्या चिप असतात आणि बोर्ड-प्रोसेसरचाही त्याला पाठिंबा लागतो. घरच्या पीसीला त्याची गरज नाही.

चौथी पायरी: तीन चिठ्ठ्या करा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि लोक नेमका हाच टाळतात.

पहिल्या चिठ्ठीवर लिहा: आहे त्या बोर्डावर डीडीआर४ वाढवली तर किती खर्च. यात एकच वस्तू येते.

तिसऱ्या चिठ्ठीवर लिहा: नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, डीडीआर५, आणि जुना कूलर नव्या सॉकेटवर बसत नसेल तर कूलर. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) जुना असेल तर तोही. ‘डीडीआर५ घेतो’ म्हणून निघालेला माणूस खरं तर ही अख्खी यादी घ्यायला निघालेला असतो. कॅबिनेट, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड तेवढं वाचतं.

मधली, दुसरी चिठ्ठी दुकानात सहसा कुणी काढून देत नाही: तोच बोर्ड, तीच डीडीआर४, फक्त प्रोसेसर वरचा. बी४५० बोर्डावर जुना रायझन असेल तर बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५ ५६०० किंवा रायझन ७ ५७००एक्स बसतो. बाराव्या पिढीचा आय३ आणि डीडीआर४चा बोर्ड असेल तर बायोस अपडेट करून चौदाव्या पिढीपर्यंत जाता येतं, फक्त आपल्या बोर्डाला तो प्रोसेसर चालतो का ते कंपनीच्या यादीत बघून घ्या. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या मोठ्या प्रोसेसरांमध्ये व्होल्टेजचा घोळ निघाला होता आणि २०२४मध्ये इंटेलने त्यावर दुरुस्तीचा मायक्रोकोड काढला, तो नव्या बायोसबरोबर येतो. त्यामुळे असा प्रोसेसर लावायचा तर आधी नवा बायोस, मग प्रोसेसर. जुना प्रोसेसर विकून थोडे पैसेही सुटतात.

आता पहिल्या पायरीत जे दुखणं दिसलं होतं ते पहिल्या चिठ्ठीने बरं होत असेल तर तिथेच थांबा. प्रोसेसर सतत १०० टक्के असेल तर दुसरी. दुसरी शक्यच नसेल, किंवा पीसी नव्यानेच जुळवायचा असेल, तर तिसरी, आणि मग डीडीआर५च घ्या. आज नवा डीडीआर४चा बोर्ड घेणं मला पटत नाही. अपवाद एकच: घरात ३२ जीबी चांगली डीडीआर४ पडून आहे आणि बजेट खरोखर आवळलेलं आहे.

किमतींबद्दल एक सांगायला हवं. जुनी रॅम स्वस्त होत जाते हा आपला जुना अनुभव. तो सध्या चालत नाही. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन हे जगातले तीन मोठे मेमरी उत्पादक एआयच्या सर्व्हरांना लागणाऱ्या मेमरीकडे वळले, डीडीआर४चं उत्पादन कमी केलं, आणि २०२५मध्ये आधी डीडीआर४ आणि मग डीडीआर५ही चढत गेली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये ग्राहकांसाठीचा आपला क्रुशल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून या लेखात मी रुपयांचे आकडे देत नाही. भाव सकाळचा संध्याकाळी राहत नाही हे कांद्याच्या जिल्ह्यात कुणाला समजवायला नको. तिन्ही चिठ्ठ्या एकाच दिवशी भरा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

पाचवी पायरी: खरेदी

एम. जी. रोड आणि कॅनडा कॉर्नरच्या बाजूला दोन-तीन दुकानांत विचारा आणि ऑनलाइनचा भाव जवळ ठेवा. काही जण पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठून लॅमिंग्टन रोडवरून आणतात. एका रॅमसाठी ते परवडत नाही, अख्खा पीसी जुळवायचा असेल तर विचार करा. माझं मत विचाराल तर थोडा फरक असेल तरी नाशिकातच घ्या. स्टिक खराब निघाली तर संध्याकाळी स्कूटरवर जाऊन समोर ठेवता येते. पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर स्टिकचा सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी मागताना तेच पुढे करावं लागतं.

डीडीआर५ घेताना १६-१६च्या दोन स्टिकचा एकच किट घ्या. ‘आता दोन घ्या, पुढे आणखी दोन टाकू’ हा सल्ला डीडीआर४च्या काळातला. एएम५वर चार स्टिक लावल्या की अधिकृत वेग ३६००वर येतो. दोन स्टिकना रायझन ७०००वर तो ५२०० आहे आणि ९०००वर ५६००. म्हणजे पैसे घालून रॅम संथ करायची. पुढे ६४ जीबी लागेल असं वाटत असेल तर आत्ताच ३२-३२चा किट बघा. ८ जीबीची डीडीआर५ स्टिकही टाळा. तिच्यावर साधारण चारच चिप असतात, त्यामुळे ती १६च्या स्टिकपेक्षा मागे पडते.

एएम५साठी ६००० सीएल३० किंवा सीएल३६ पुरेशी. ७०००-८०००चे आकडे छाती फुगवायला ठीक आहेत. डब्यावर एएमडीसाठी ‘एक्स्पो’ आणि इंटेलसाठी ‘एक्सएमपी’ लिहिलेलं बघा. डब्यावरच्या वेगाने रॅम चालवायची ही सेटिंग.

डीडीआर४वाल्यांनी आधी बोर्डाची मर्यादा तपासावी. दहाव्या पिढीच्या आय५वर एच४१० बोर्ड असेल तर ३२००ची स्टिकही २६६६वरच धावते. तिथे महागडी चमकणारी स्टिक घेऊन काय करायचंय?

जुनी, वापरलेली डीडीआर४ घ्यायला हरकत नाही, रॅम सहसा झिजत नाही. पण एकदा मी स्वतः फसलोय. ३२००च्या म्हणून दोन स्टिक घेतल्या, वर स्टिकरही तसंच. घरी येऊन सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये एसपीडीचा (स्टिकच्या मूळ माहितीचा) टॅब उघडला तर दोन्ही २४००च्या. तेव्हापासून वापरलेली रॅम विकणाऱ्यासमोरच पीसीला लावून बघतो. तो नाही म्हणाला तर मीही नाही म्हणतो.

सहावी पायरी: बसवणं

इथे एक नाशिकचा धोका आहे. डिसेंबर-जानेवारीत इथली हवा इतकी कोरडी असते की स्वेटर काढताना ठिणग्या दिसतात. तेवढी स्थिर वीज चिप खराब करायला पुरते. लोकरीचे कपडे घालून काम करू नका. पीसी बंद करा, केबल काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच स्टिक उचला. सोनेरी पिनांना बोट लागू देऊ नका.

चार स्लॉट असतील आणि स्टिक दोन, तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट. खाच जुळवा, दोन्ही टोकांना सारखा दाब द्या, ‘टक’ आवाज आला पाहिजे.

एएम५वर पहिल्यांदा पीसी सुरू केला की स्क्रीन कित्येक मिनिटं काळीच राहते. पंखे फिरतात, चित्र नाही. बोर्ड त्या वेळी रॅमशी जुळवून घेत असतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. या वेळात भल्याभल्यांचा धीर सुटतो आणि ते प्लग उपटतात. उपटू नका. यूपीएसवर लावा, चहा करून या. वीज ये-जा करत असेल तर हे काम दुसऱ्या दिवशी करा.

चित्र आलं की बायोसमध्ये जाऊन एक्स्पो किंवा एक्सएमपी चालू करा. हे विसरलात तर ६०००चे पैसे मोजलेली रॅम वर्षानुवर्षं ४८००वर चालेल आणि तुम्हाला कळणारही नाही. टास्क मॅनेजरमधला ‘स्पीड’ बघून खात्री करा. मग पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर स्टिक परत. ‘थोडीशी चालतेय’ असं रॅमच्या बाबतीत नसतं, एक दिवस एखाद्याच्या लग्नाची फाइल खराब होते.

मावसभावासाठी आम्ही पहिली चिठ्ठी निवडली. ८ जीबीची एकटी स्टिक काढून डीडीआर४च्या १६-१६च्या दोन बसवल्या. राहिलेली लग्नसराई त्याने त्याच पीसीवर पार पाडली. २०२७च्या सिंहस्थात शूटिंगचं काम मिळेल या आशेने आता तो एएम५ जुळवायचं म्हणतोय आणि तिसरी चिठ्ठी भरायला मागच्या रविवारी माझ्याकडे आला होता. भाव बघता बघता त्याने खणातल्या त्या डीडीआर५ स्टिकचं मॉडेल टाकलं. मेमध्ये मोजले होते त्याहून बरेच जास्त पैसे आता तिला मोजावे लागत होते.

‘‘बघ दादा,’’ तो म्हणाला, ‘‘तू मला उगाच शिव्या घातल्या होत्यास.’’